उघड्या पोटाचं पान

1874 सालच्या जून महिन्यात चार्ल्स डार्विनकडे एका स्नेह्याने उत्तर वेल्सच्या डोंगराळ भागातून 39 पानं पाठवली. पानं बोटभर लांबीची, पिवळसर हिरवी, हाताला ओशट लागणारी. ज्यांना काही ना काही चिकटलेलं आहे अशीच पानं निवडून पाठवली होती. डार्विन भिंग घेऊन बसला आणि मोजू लागला. 39 पैकी 32 पानांवर मिळून 142 कीटक निघाले. तुटके पाय, सुटे पंख यांचा हिशेब त्याने धरलाच नाही. कीटकांखेरीज आजूबाजूच्या झुडपांची वाऱ्याने उडून आलेली बारीक पानं होती, काही बिया होत्या, शेवाळाचे तुकडे होते. चार दिवसांनी त्याच स्नेह्याने नऊ अख्खी रोपं गोळा केली. त्यांच्यावर एकूण 74 पानं होती. त्यातली तीन अगदी कोवळी सोडली तर प्रत्येक पानावर शिकार होती, आणि एका पानावर तर तीस कीटक.

डार्विन त्याआधी चौदा वर्षं दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या, म्हणजे ड्रोसेराच्या, मागे लागलेला होता. दवबिंदूच्या पानावर लाल केसांचं रान असतं, प्रत्येक केसाच्या टोकाला चमकता थेंब असतो. ती वनस्पती पाहताक्षणी काहीतरी वेगळी आहे हे लहान मुलालाही कळतं. वेल्सहून आलेल्या या पानांचं तसं नव्हतं. केस नाहीत, काटे नाहीत, सुरई नाही, झाकण नाही. एक साधं, सपाट, जमिनीला चिकटून पसरलेलं पान. वाटेने जाणारा माणूस त्याच्याकडे दुसऱ्यांदा बघणार नाही. असं पान जेवतं कसं, या प्रश्नाला डार्विनने 1875 साली निघालेल्या कीटकभक्षी वनस्पतींवरच्या आपल्या ग्रंथात एक स्वतंत्र प्रकरण दिलं. आपलं हे प्रकरणही त्याच पानाचं आहे.

वनस्पतीचं नाव बटरवर्ट. शास्त्रीय नाव पिंग्विक्युला. लॅटिनमध्ये ‘पिंग्विस’ म्हणजे लठ्ठ, चरबीदार. त्याचं लाडिक रूप पिंग्विक्युला. हे नाव सोळाव्या शतकातल्या कॉनराड गेस्नर या स्विस निसर्गअभ्यासकाचं. पुढे 1753 साली लिनियसने ते आपल्या वर्गीकरणात कायम केलं. इंग्रजांनी या पानात लोणी पाहिलं, जर्मनांनी चरबी पाहिली, फ्रेंचांनीही स्निग्धपणावरूनच नाव ठेवलं. मराठीत या वनस्पतीला रूढ नाव नाही, कारण ती आपल्या डोंगरांत उगवत नाही. पण तिच्या पानाचं वर्णन करायला आपल्याकडे नेमका शब्द आहे: तुपकट. साजूक तुपाच्या भांड्याला हात लागल्यावर बोटांना जे जाणवतं, ते हे पान. गंमत अशी की त्या पानावर तूप नाही, लोणी नाही, स्निग्ध पदार्थाचा थेंबसुद्धा नाही. जे हाताला लागतं तो साखरेच्या लांबलचक साखळ्यांनी बनलेला, पाण्यात भिजलेला चीक असतो. भेंडी चिरताना हाताला जी बुळबुळ लागते तिच्याच जातकुळीतला.

हे पान भिंगाखाली धरलं की दोन प्रकारच्या ग्रंथी दिसतात. पहिल्या प्रकारच्या ग्रंथींना देठ असतो. पानाच्या पृष्ठभागातून एक बारीक दांडी वर आलेली, आणि तिच्या टोकावर अळंबीच्या छत्रीसारखं पेशींचं डोकं. प्रत्येक डोक्यावर चिकाचा एक थेंब. असे हजारो थेंब मिळून पानाला ओली चकाकी देतात. दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथींना देठ नसतो. त्या पानाच्या पृष्ठभागाशी जवळजवळ सपाट, देठवाल्या ग्रंथींच्या मधल्या जागांत बसलेल्या असतात. एरवी त्या कोरड्या असतात आणि नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत.

आता एखादं चिलट पानावर उतरतं. चिलट म्हणजे ओल्या मातीवर, कुजक्या पानांवर घोंघावणारी बारीक माशी. बटरवर्टचा मुख्य आहार असल्या बारीकसारीक जीवांचाच. गांधीलमाशी किंवा मोठी माशी अंगात जोर असल्याने सुटून जाते. चिलटाचा पाय थेंबाला लागतो. पाय ओढला की चिकाची तार निघते, आणि सुटण्यासाठी ते जितकं धडपडतं तितके अधिक थेंब त्याच्या अंगाला लागतात. गुळाच्या काकवीत पडलेल्या माशीची गत आपण सर्वांनी पाहिलेली आहे. शेवटी चिकाने त्याच्या अंगावरची श्वासाची छिद्रं बुजतात.

इथवरचं काम कोणताही चिकट पृष्ठभाग करील. माशा पकडायचा चिकट कागद तेवढंच करतो. बटरवर्टचं खरं कौशल्य यानंतर सुरू होतं. अडकलेल्या शरीरातून नत्रयुक्त द्रव्यं पाझरू लागली की बिनदेठाच्या ग्रंथी जाग्या होतात. या ग्रंथींत पाचक विकरं आधीपासून तयार करून, पेशींच्या भिंतींत आणि पोकळ्यांत साठवून ठेवलेली असतात. प्रथिनं तोडणारी, पिष्ट तोडणारी, स्फुरद मोकळा करणारी, न्यूक्लिक आम्लं फोडणारी. अडचण एवढीच की ही विकरं बाहेर न्यायला पाणी हवं, आणि वनस्पतीकडे ते ढकलणारं हृदय नाही, पिळणारे स्नायू नाहीत. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ योलांड हेस्लॉप-हॅरिसन आणि त्यांचे पती जॅक यांनी 1980 च्या सुमारास ही वाट उलगडली. ग्रंथीच्या बुडाशी एक मोठी साठ्याची पेशी असते आणि ती पानातल्या जलवाहिनीला जोडलेली असते. साठ्याची पेशी आणि ग्रंथीचं डोकं यांच्यामध्ये एक पहारेकरी पेशी असते. इशारा मिळाला की क्लोराइड आयन या पेशीतून झपाट्याने वर सोडले जातात. क्षार जिकडे जातो तिकडे त्याच्यामागे पाणी ओढलं जातं. काकडीच्या फोडींवर मीठ घातलं की थोड्या वेळात ताटलीत पाणी सुटतं, त्याच तत्त्वावर. हे पाणी ग्रंथीच्या डोक्यातून वाहत जातं आणि वाटेत साठवलेली विकरं धुऊन बाहेर आणतं. चिलटाभोवती रसाचं एक छोटं डबकं साचतं.

पचलेलं अन्न परत आत येतं तेही याच ग्रंथींतून. योलांड हेस्लॉप-हॅरिसन आणि ब्रूस नॉक्स यांनी 1971 साली किरणोत्सारी कार्बनची खूण असलेलं प्रथिन पानांवर ठेवून पाहिलं. काही तासांतच ती खूण पानाच्या आत सापडली. मला या वनस्पतीत सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. तोंड, जठर आणि आतडं ही तीन कामं पेशींच्या एकाच इवल्याशा झुबक्याने एकामागून एक उरकायची, तीही भर उन्हापावसात, डोक्यावर छप्पर नसताना. घटपर्णीला निदान सुरईची भिंत आणि झाकण असतं. व्हीनस फ्लायट्रॅप पान मिटून घेते. बटरवर्टचं पोट मात्र आकाशाखाली सताड उघडं असतं.

त्या उघडेपणाची किंमत ती रोज मोजत असते, आणि तिच्या जगण्याच्या बहुतेक सगळ्या तऱ्हा त्यातूनच आलेल्या आहेत.

साध्या झाडाच्या पानावर क्यूटिकल नावाचा मेणासारखा पातळ थर असतो. अळूच्या पानावरून पाण्याचे थेंब घरंगळतात ते पानावरच्या मेणामुळेच. या थराचं मुख्य काम मात्र आतलं पाणी आत राखण्याचं असतं. पण जो थर आतलं पाणी अडवतो तो बाहेरचं अन्नही अडवतो. म्हणून बटरवर्टच्या पाचक ग्रंथींवर हा थर सलग नसतो, त्यात बारीक खिंडारं असतात. त्या खिंडारांतून विकरं बाहेर येतात आणि अन्न आत जातं. त्याच खिंडारांतून पाणीही निसटत राहतं. थोडक्यात, ज्या पानाला जेवता येतं त्या पानाला पाणी धरून ठेवता येत नाही. कोरड्या हवेत, तापल्या वाऱ्यात असं पान लवकर सुकून जाईल. म्हणूनच बटरवर्ट दलदलीच्या कडेला, झिरपत्या खडकावर, धबधब्याच्या तुषारांत, धुक्याच्या डोंगरावर आढळते. कोरडी, मोकळी जमीन तिला चालत नाही.

आणि शिकारीची गरजही त्याच जागेतून निर्माण होते. सतत पाणी वाहणाऱ्या किंवा साचणाऱ्या जमिनीत नत्र आणि स्फुरद टिकत नाहीत. एक तर ते धुऊन जातात, नाही तर कुजण्याची क्रियाच इतकी मंदावते की मेलेल्या वनस्पतींतलं पोषण मातीत मोकळं होत नाही. पाणी मुबलक, ऊन मुबलक, आणि माती उपाशी. अशा ठिकाणी पानाला झिरपू देणं परवडतं आणि चिलटं पकडणं फायद्याचं ठरतं. उत्तर स्वीडनमधल्या अबिस्को इथे संशोधकांनी बटरवर्टच्या रोपांना जास्तीचे कीटक खाऊ घालून पाहिले, तेव्हा त्यांची वाढ सुधारली. एक गैरसमज मात्र इथेच दूर करायला हवा. बटरवर्ट कीटकांवर ‘जगत’ नाही. तिची पानं हिरवी आहेत, आपली साखर ती इतर झाडांसारखी सूर्यप्रकाशात स्वतः बनवते. चिलटांतून तिला मिळतं ते खत. कीटक मिळाले नाहीत तर ती लगेच मरत नाही, हडकुळी राहते.

उघड्या पोटाची दुसरी अडचण पाऊस. सपाट पानावर साचलेला पाचक रस एका सरीत धुऊन जाईल, सोबत शिकारही. इथे पानाच्या कडा उपयोगी पडतात. कीटक कडेजवळ अडकला की कड हळूहळू आत वळते. घाईने नव्हे, तासांच्या हिशेबाने. तव्यावरच्या पुरणपोळीची कड उचलली जावी तशी. मोठं काही मध्यभागी अडकलं तर त्याच्याखाली पान किंचित खोलगट होऊन वाटीसारखं होतं. डार्विनने पानाच्या कडेवर माशा ठेवल्या, मांसाचे कण ठेवले, काचेचे तुकडेसुद्धा ठेवले. काचेच्या तुकड्यानेही कड वळली, पण पानाने पाचक रस सोडला नाही. स्पर्श वेगळा आणि जेवण वेगळं, हे पानाला कळतं. ही वळलेली कड फार काळ तशी राहत नाही, हेही त्याने टिपलं. त्याने अंदाज बांधला की पावसाने वाहून जाणारे कीटक अडवणं आणि शिकारीला जास्तीत जास्त ग्रंथींशी भिडवणं, हा या हालचालीचा उपयोग असावा. पान कीटकाभोवती मुठीसारखं आवळतं असं काही ठिकाणी लिहिलेलं आढळतं, ते बरोबर नाही.

त्या पानांवर सापडलेल्या बिया आणि परागकणही डार्विनने केराच्या टोपलीत टाकले नाहीत. त्याने पाहिलं की पान त्यांच्यावरही रस सोडतं आणि त्यांच्यातलं काही पचवतं. म्हणजे ही वनस्पती काही अंशी शाकाहारीही आहे, असा निष्कर्ष त्याने काढला. आजूबाजूला पाइनची झाडं असतील तर वसंतात परागाची पिवळी धूळ उडते, ती या पानांवर चिकटते, आणि परागकण नत्राने समृद्ध असतात. उघड्या पोटाचा हा फायदा सुरईवाल्यांना इतक्या सहज मिळत नाही. वरून जे पडेल ते इथे ताटात येतं.

तिसरी अडचण सडण्याची. मेलेला कीटक, ओलावा आणि उघडी हवा एकत्र आली की बुरशी आणि जिवाणू ठरलेले. पण निरोगी पानावर शिकार सहसा कुजत नाही, ती पचते. पानाचा रस जिवाणूंना रोखतो. युरोपातले पशुपालक गुरांच्या सडांवरच्या आणि अंगावरच्या जखमांना ही पानं लावत, ती समजूत अगदीच निराधार नसावी. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात तर गाईने हे खाल्लं की तिच्या दुधाला दृष्ट लागत नाही असंही मानत.

दुधाशी या पानाचं नातं आणखी जवळचं आहे. लिनियस 1732 साली, वयाच्या पंचविशीत, लॅपलंडच्या प्रवासाला गेला. 1737 साली त्याने त्या प्रदेशाच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, त्यात तिथल्या एका दुधाची कृती आहे. गाळणीवर बटरवर्टची ताजी पानं पसरायची, त्यांच्यावरून धारोष्ण दूध ओतायचं, आणि ते एक-दोन दिवस तसंच ठेवायचं. दूध घट्ट होतं, चमचा उचलला की तार धरतं. पुढच्या वेळी पानांची गरज नाही. त्यातलंच चमचाभर नव्या दुधात घातलं की काम भागतं. म्हणजे विरजणच. स्वीडिश आणि नॉर्वेजियन भाषांत या वनस्पतीची नावंच या घट्ट दुधाशी जोडलेली आहेत. चीझ करणारे वासराच्या जठरातलं रेनेट वापरून दूध फाडतात, तेव्हा दुधातल्या प्रथिनांवर जठरातलं विकर काम करत असतं. आपल्या काष्ठौषधींच्या दुकानात पनीरडोडी मिळते, तिच्यातही दूध फाडणारं विकर आहे आणि भारताच्या वायव्य भागात ती त्यासाठी वापरली जात आली आहे. बटरवर्टच्या पानाला जठराची उपमा आपण शोभेसाठी देत नाही, हे यावरून लक्षात येईल. दुधाला तार येते ती मात्र जिवाणूंमुळे, आणि आज उत्तर युरोपातल्या डेऱ्या तसलं दही जिवाणूंच्या विरजणानेच लावतात.

आता फूल. तेही उघड्या पोटाशी जुळवून घेतलेलं. ज्या वनस्पतीच्या पानाला कीटक चिकटून मरतात, तिला परागीभवनासाठी कीटकच हवे असतात. पाहुण्यालाच खाऊन टाकलं तर वंश कसा चालणार? म्हणून पानं जमिनीलगत आणि फूल मात्र उंच, एकेका सडपातळ दांड्यावर एकेकटं. युरोपातल्या सामान्य बटरवर्टचा दांडा पंधरा सेंटिमीटरपर्यंत जातो, पानांच्या मानाने बराच उंच. फूल जांभळं, जंगली व्हायोलेटसारखं. पाच पाकळ्या बुडाशी जुळून नळी झालेली, वर दोन ओठ, आणि मागे मधाने भरलेली शेपटीसारखी नळी, जिला शुंडिका म्हणतात. पुंकेसर फक्त दोन. त्यांच्यापुढे कुक्षीची रुंद पापुद्र्यासारखी पाळी पडद्यासारखी लोंबते. मधासाठी आत शिरणाऱ्या माशीची पाठ आधी या पाळीला लागते आणि दुसऱ्या फुलाचे परागकण तिथे पुसले जातात. मग पाळी उचलली जाते आणि पाठीला या फुलाचे पराग लागतात. परत निघताना पाळी बाहेरच्या बाजूने ढकलली जाते, त्यामुळे स्वतःचे पराग स्वतःच्या कुक्षीला सहसा लागत नाहीत. त्यातही पोर्तुगालच्या जुन्या नावावरून ओळखली जाणारी पिंग्विक्युला लुसिटानिका अपवाद आहे. ती फिकट गुलाबी, बारीक फुलांची जात बहुतेक वेळा स्वतःच्याच परागांवर भागवते.

थंडी आली की उघडं पोट परवडत नाही. गोठलेल्या जमिनीतून पाणी मिळणार नाही आणि चिलटंही नसणार. मग थंड प्रदेशांतल्या जाती पोटच आवरून ठेवतात. शरद ऋतूत चिकट पानं कुजून जातात आणि मध्यभागी छोट्या, घट्ट, बिनचिकाच्या खवल्यांची एक कळी उरते. सामान्य बटरवर्टच्या बाबतीत मुळंही मरतात. वाटाण्याएवढी एक हिरवी गाठ, कशालाही न धरलेली, बर्फाखाली पडून राहते. तिच्या बुडाशी तशाच आणखी बारीक गाठी असतात. वसंतात बर्फ वितळून पाणी वाहू लागलं की त्या वाहून जातात आणि जिथे अडकतील तिथे रुजतात. त्यामुळे एकाच झाडाची बाळं ओहोळाच्या काठाने रांगेत उगवलेली दिसतात.

मेक्सिकोत हाच प्रश्न थंडीऐवजी दुष्काळाने विचारला. पिंग्विक्युलाच्या शंभराच्या आसपास जाती आहेत, आणि त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्या एकट्या मेक्सिकोत सापडतात. तिथल्या डोंगरांचं वेळापत्रक मराठी वाचकाला ओळखीचं वाटेल: जूनच्या आगेमागे पाऊस सुरू होतो, ऑक्टोबरच्या सुमारास संपतो, आणि मग महिनोन्‌महिने कोरडे. पावसाळ्यात या जातींची मोठी, पसरट, चिकट पानं येतात. पाऊस सरला की त्यांच्या जागी लहान, जाड, रसाळ पानांचा घट्ट गुच्छ तयार होतो. यातल्या बहुतेकांच्या या पानांवर चीक नसतो, पाचक ग्रंथी नसतात. वर्षातले काही महिने मांसाहारी, उरलेले महिने जाड कातडीची साधी वनस्पती. याच जाड पानांतलं एखादं तोडून ओल्या वाळूवर ठेवलं की त्याच्या बुडातून नवं रोप फुटतं, पानफुटीसारखं.

यांतली सर्वांत परिचित जात पिंग्विक्युला मोरानेन्सिस. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट आणि एमे बोनप्लां 1803 साली मेक्सिकोतल्या इदाल्गो प्रांतात मोरान नावाच्या चांदीच्या खाणीजवळ फिरत असताना त्यांना ती मिळाली, म्हणून खाणीचं नाव तिला. जिप्सिकोला ही जात जिप्समच्या खडकावरच वाढते. गिगांतेआचं पान वरून चिकट असतं तसंच खालूनही. क्युबातली लिग्निकोला तर जमिनीवर नाहीच, ती झाडांच्या फांद्यांवर राहते. स्पेनच्या काझोर्ला डोंगरांतली एक जात पाझरत्या चुनखडीच्या कड्यांवरून आपली लांबलचक पानं पट्ट्यांसारखी खाली सोडते. पिरेनीज पर्वतातल्या दुसऱ्या एका जातीच्या पानांवर संशोधकांना एक अगदी बारीक कोळीवर्गीय जीव राहताना सापडला. ज्या थेंबांत चिलटं मरतात त्यांच्या मधल्या मोकळ्या जागांतून तो न अडकता फिरतो. मृत्यूच्या जाळ्यात घर करणारे जीव निसर्गात असतात, पण इतक्या छोट्या जागेत दुसरं उदाहरण मला माहीत नाही. दक्षिणेकडे हा वंश अँडीज पर्वतातून उतरत थेट तिएरा देल फ्युएगोपर्यंत पोचला आहे. ऑस्ट्रेलियात मात्र तो नाही.

सह्याद्रीतही तो नाही, पण त्याची सख्खी चुलतभावंडं आहेत. साताऱ्याच्या कास पठारावर, रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवर, गोव्याच्या जांभ्या दगडाच्या पठारांवर श्रावण-भाद्रपदात निळ्याजांभळ्या फुलांचा जो गालिचा पसरतो, त्यात सीतेची आसवं असतात. शास्त्रीय नाव युट्रिक्युलारिया. तिचं एक फूल हातात न तोडता, गुडघे टेकून, जवळून पाहा. दोन ओठ, मागे शुंडिका, पुंकेसर दोनच. बटरवर्टशी साम्य लगेच दिसेल. दोघी एकाच लेंटिब्युलारिएसी कुळातल्या. आजूबाजूची परिस्थितीही तीच: जांभ्यावर बोटभर माती, तीही पावसाने धुऊन निघालेली, आणि पाण्याचा सुकाळ. फरक पोट ठेवण्याच्या जागेत. सीतेच्या आसवांचे सापळे चिखलात दडलेले असतात, मोहरीहून बारीक फुगे, ज्यांचं दार सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात उघडतं आणि पाण्यासकट भक्ष्य आत ओढतं. तिसरी चुलतबहीण गेनलिसिया. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत वाढणाऱ्या या वनस्पतीच्या जमिनीखालच्या पानांची स्क्रूसारखी पिळवटलेली नळी होते, आणि त्यात शिरलेला जीव परत फिरू शकत नाही. एका कुळाने तीन सापळे घडवले, आणि त्यांतला सर्वांत साधा, उघड्यावरचा, बटरवर्टकडे आहे. पठारावर त्या निळ्या फुलांच्या शेजारी लाल, चमकते थेंब दिसले तर तो दवबिंदू. त्याचं कुळ वेगळं, पण चिकट पानाची युक्ती त्यानेही स्वतंत्रपणे साधलेली आहे.

आणि बटरवर्ट भारतात अगदीच नाही असंही नव्हे. पिंग्विक्युला अल्पिना ही एक जात काश्मीरपासून सिक्कीमपर्यंतच्या हिमालयात, तीन-चार हजार मीटरच्या आसपासच्या ओल्या, थंड उतारांवर वाढते. फूल पांढरं, घशाशी पिवळे ठिपके. सामान्य बटरवर्टच्या उलट हिची मुळं हिवाळ्यात मरत नाहीत, ती जमीन धरून राहतात. हीच जात युरोपात आल्प्समध्ये आणि स्कँडिनेव्हियात आहे. स्कॉटलंडमध्येही होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती तिथून नाहीशी झाली. ज्या वनस्पतीच्या पानाला पाणी राखता येत नाही, तिच्या पायाखालची दलदल उपसली की तिला दुसरीकडे जायला जागा नसते. इंग्लंडमध्ये सामान्य बटरवर्टही याच कारणाने अनेक जिल्ह्यांतून मागे हटली आहे.

मराठी ट्रेकर मंडळी दरवर्षी मोठ्या संख्येने हिमालयात जातात. उन्हाळ्याच्या अखेरीला किंवा जून-जुलैत वर असाल, आणि वाटेत खडकावरून पाण्याचा पातळ पडदा झिरपताना दिसला, तर पाठीवरची सॅक उतरवून ठेवा आणि शेवाळाच्या कडेला नीट पाहा. पिवळसर हिरव्या पानांची चांदणी, मधोमध उभा एक दांडा, त्यावर पांढरं फूल दिसलं तर ती बटरवर्ट. फोटो काढा, भिंग असेल तर थेंब मोजा. फक्त पानाला बोट लावू नका. तिच्या पाचक ग्रंथी आपला रस एकदाच सोडतात. तो तुमच्या बोटापायी सुटला तर तेवढ्या जागेवर ते पान पुन्हा जेवू शकत नाही.